मालोजीराजांच्या घरातल्या बायका

मैत्रिणींनो, गेल्या रविवारी आमच्या घरी एक छोटंसं वादळ झालं. धाकटीला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता. तिनं मोठ्या हौसेनं झाड रंगवलं, फांद्या काढल्या, बाबा, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी नावं लिहिली आणि मला दाखवायला आणलं. मी म्हटलं, "छान आहे गं, पण या झाडावर एकही बाई नाही!" तर ती म्हणाली, "आई, आजीच्या आईचं नाव कोणालाच माहीत नाही."

खरंच की! मी सासूबाईंना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कशाला पाहिजे आता? माझं स्वतःचं माहेरचं नाव तरी कुठं राहिलं?" बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी त्या लग्न होऊन या घरात आल्या. तांदळात नाव लिहून बदललं, ते बदललंच. त्यांचं पहिलं नाव मला चौदा वर्षांत ठाऊक नव्हतं. मला फार लाज वाटली.

त्याच आठवड्यात वर्गात मालोजीराजांचा धडा निघाला. मी इतिहास अर्धवेळ शिकवते. आपल्या बारामतीपासून इंदापूर कितीसं लांब? तुकोबांची पालखी दरवर्षी आपल्याकडून तिकडेच जाते. तिथं मालोजीराजांची गढी आहे. शिवाजीमहाराजांचे हे आजोबा वेरूळच्या बाबाजी भोसल्यांचे थोरले चिरंजीव. धाकटे भाऊ विठोजी. दोघांनी आधी सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांकडे चाकरी केली, मग निजामशाही दरबारात नाव काढलं. पुणे-सुप्याची जहागीर मिळाली. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या देवळाची डागडुजी केली, शिखर शिंगणापूरला पाण्याची टंचाई म्हणून तळं बांधलं. हे सगळं मुलांना पाठ असतं. पण मी विचारलं, "त्यांच्या बायकोचं नाव काय?" वर्गात शांतता! तीही बाई पुन्हा आपल्या शेजारची, फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक!

त्यांचं नाव उमाबाई. काही ठिकाणी दीपाबाई असंही मिळतं. दोन नावं बघून मला सासूबाईच आठवल्या. पुष्कळ वर्षं मूल नव्हतं. त्या काळी असं घर किती बोलणी खात असेल, हे तुम्हां-आम्हांला सांगायला नको. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, शाहशरीफ पिराला नवस केला आणि दोन मुलगे झाले. म्हणून एकाचं नाव शहाजी, दुसऱ्याचं शरीफजी. शिंगणापूरचा शंभुमहादेव कुलदैवत असलेल्या घरानं पिराच्या नवसाची आठवण पोरांच्या नावात जपली, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

शहाजींच्या लग्नाची गोष्ट बखरीत आहे. जाधवरावांच्या वाड्यात शिमग्याला रंग खेळताना लखुजी गमतीनं म्हणाले, जोडा कसा शोभतो! मालोजींनी शब्द धरून ठेवला. जाधवांच्या घरातून विरोध झाला, पण शेवटी सोयरीक झाली आणि जिजाबाई भोसल्यांच्या घरी आल्या.

मालोजीराजांना मात्र म्हातारपण लाभलं नाही. इंदापूरच्या लढाईत ते पडले. मुलं तेव्हा लहान होती आणि विठोजींनी पुतण्यांना आपल्या पंखाखाली घेतलं, असं शिवभारतात आहे. विठोजींना स्वतःचे आठ मुलगे. म्हणजे घरात दहा पोरं! इतिहास जहागिरीचं लिहितो. या दहा पोरांच्या जेवणाखाण्याचं, आजारपणाचं, रुसव्याफुगव्याचं कोणी केलं, ते तुम्हीच ओळखा.

आणि दरबारी माणसांचं घर म्हणजे काय, ते पुढे ऐका. निजामशहाच्या दरबारातून सरदार बाहेर पडताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला. त्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवर धावून गेले. विठोजींचा मुलगा संभाजी याच्या हातून जिजाबाईंचे भाऊ दत्ताजी मारले गेले, आणि लखुजींनी त्या संभाजीला मारलं. सासरच्या माणसानं भाऊ मारला, वडिलांनी चुलतदीर मारला. सांगा, त्या रात्री जिजाबाईंनी कोणाच्या नावानं रडायचं?

1624 मध्ये भातवडीची लढाई झाली. शहाजीराजे मलिक अंबराच्या बाजूला, सासरे लखुजी मोगलांकडे. तिथं शरीफजी पडले. उमाबाईंच्या नवसाच्या दोन लेकरांतलं एक गेलं, दुर्गाबाईंचं कुंकू पुसलं. 1629 मध्ये लखुजी आणि त्यांची मुलं देवगिरीच्या दरबारात दग्यानं मारली गेली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, 19 फेब्रुवारी 1630 ला, जिजाबाईंच्या पोटी शिवनेरीवर शिवबा जन्मले. माहेर उद्ध्वस्त झालेलं असताना ही बाई बाळंत झाली. 1640 मध्ये त्याच शिवबांचं लग्न झालं ते फलटणच्या निंबाळकरांच्या सईबाईंशी. म्हणजे आजेसासूचं माहेर तेच नातसुनेचं माहेर!

पोरींनी हे सगळं कान टवकारून ऐकलं. तासानंतर एक जण म्हणाली, "बाई, हे घरातलं वाटतं." मला तेच हवं होतं.

आता आपल्या घराकडे वळू या. तुम्हीही या सुट्टीत घरातल्या बायकांची नावं लिहून काढा. एक जाड पुठ्ठ्याची वही घ्या, शाईनं लिहा. प्रत्येकीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव आणि आडनाव एवढं तरी हवंच. म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, म्हणून "पानशेत फुटलं तेव्हा की नंतर?", "कोयनेच्या भूकंपाआधी का?" असं विचारा. 1961 आणि 1967 ही सालं तुम्ही जोडायची. दुपारी, निवडणं-टिपणं चालू असताना विचारावं, समोर वही घेऊन बसलं की त्या गप्प होतात. आत्याबाईंना आधी गाठा, दोन्ही घरांचं त्यांनाच ठाऊक असतं. जुन्या फोटोंच्या मागे शिसपेन्सिलीनं हलकेच नावं लिहा. जुनी कागदपत्रं सुती फडक्यात गुंडाळून कोरड्या पेटीत ठेवा, फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते.

आमचं काय झालं? परवा मामेसासऱ्यांना फोन केला. ते हसत म्हणाले, "अगं, आमची अक्का म्हणजे सोनू! कागदावर सोनाबाई." आणि त्यांच्या आईचं नाव गंगूबाई. मी सासूबाईंना सांगितलं, तर हातातली मेथी तशीच राहिली. म्हणाल्या, "आईनंतर त्या नावानं कोणी हाक नाही मारली."

धाकटीनं झाडाच्या फांदीवर दोन्ही नावं हिरव्या पेन्सिलीनं लिहिली आहेत. तुमच्या घरच्या झाडावर किती जागा रिकामी आहे, ते आजच बघा. सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.