दुर्गाडीखालच्या होड्या

आज 4 डिसेंबर, नौदल दिन. 1971 साली याच तारखेच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला चढवला. मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी घेतलेल्या या लहान नौका, इंधन पुरावे म्हणून काही अंतर ओढत नेलेल्या. मोठ्या पराक्रमाला मोठेच जहाज लागते असे नाही, हे त्या रात्रीने दाखवले. कल्याणकरांना ते वेगळे सांगायला नको. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी विसावलेली 'टी-80' हीसुद्धा तशीच छोटी, उथळ पाण्यात गस्त घालणारी युद्धनौका.

शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीत आरमाराचा पाया घातला. भिवंडी, कल्याण आणि पनवेलच्या बंदरांत लढाऊ जहाजे बांधली जात असल्याची नोंद 1659 च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात आहे. त्याच्याही दीड हजार वर्षे आधी एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात कल्याणचे बंदर म्हणून नाव आले होते आणि कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत इथले व्यापारी होते. हे सारे वैभव आले ते उल्हास नदीच्या मुखातून चढणाऱ्या भरतीच्या पाण्यावर. 1854 मध्ये ठाण्याहून कल्याणला आगगाडी आली आणि गाव हळूहळू रुळांकडे तोंड करून बसले. खाडी पाठीमागे राहिली.

पण खाडीतल्या होड्या संपल्या नाहीत. गणेश घाटापासून डोंबिवलीच्या मोठागावापर्यंत आजही कुणी जाळे टाकते, कुणी पैलतीरी माणसे सोडते, कुणी अनंत चतुर्दशीला गणपतीची मूर्ती खोल पाण्यात नेते. आजच्या दिवशी आम्हाला या होडीवाल्यांबद्दल बोलायचे आहे. कारण आरमार उभे राहते ते होडी बांधणाऱ्या आणि राखणाऱ्या हातांवर. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमाराला स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात लढाईबरोबरच जहाजांसाठी लाकूड कसे मिळवावे आणि पावसाळ्यात छावणी कुठे करावी याचाही विचार आहे. राखणदारीचे मोल त्या लेखकाला पुरते ठाऊक होते.

ही राखण रोजची असते. उधाणाच्या भरतीला होडी काठावर जितकी वर येईल तितकी आणायची आणि पाणी उतरले की तळ खरवडायचा. लाकडी होडी असेल तर फळ्यांच्या सांध्यांत तेल-राळेत भिजवलेल्या कापसाच्या वाती ठोकायच्या, वरून डांबर फिरवायचे. फायबरची असेल तर तडा शोधून तिथे फायबरचा कपडा आणि रेझिन चढवायचे. हे सारे पुढच्या भरतीच्या आत. वेळ साधायला घड्याळाआधी तिथी लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ते पाणी कल्याणपर्यंत चढायला आणखी वेळ घेते, आणि तो किती हे इथल्या होडीवाल्याला तोंडपाठ असते.

होडीच्या कडेला टांगलेले जुने टायर आपण येता-जाता पाहतो. ट्रकचे, स्कूटरचे, रस्त्यावर झिजून गेलेले. धक्क्याला किंवा शेजारच्या होडीला घासून कड फुटू नये म्हणून ते असतात. मोठ्या बंदरांतल्या टग बोटींनाही हेच चिलखत घातलेले असते. पण टायर एकदा बांधला की काम संपले असे होत नाही. पावसाचे पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून त्याच्या तळाशी भोक पाडावे लागते. ज्या दोराने तो टांगला तो दोर कडेवर घासून आतून झिजतो, म्हणून गाठ अधूनमधून सोडून पाहावी लागते. उन्हाने रबर चिरकले की टायर बदलावा लागतो. गाठ सुटून टायर खाडीत पडला तर तो कचराच. एवढ्या साध्या वस्तूची इतकी निगा राखणारा माणूस ज्या शहरात आहे, ते शहर निगा राखायला कुणाकडून शिकू शकते, हे वेगळे सांगायला नको.

हिवाळा हा या होड्यांचा सुखाचा काळ. वाऱ्याचा जोर ओसरतो, पाणी संथ होते, सकाळचे धुके पुलाखालून हळू सरकते. पक्षी येऊ लागतात. खाली ठाणे खाडीत रोहितांचे थवे उतरतात. त्या खाडीतल्या अभयारण्याला 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आणि ऐरोलीहून पक्षी दाखवणाऱ्या बोटींना मुंबईभरातून माणसे येतात. कल्याण-डोंबिवलीतल्या मुलांनाही थंडीतली अशी एक सकाळ आपल्याच खाडीत मिळायला हवी. आज ती मिळत नाही, कारण जलपर्णी आणि प्लॅस्टिक इंजिनाच्या पंख्यात गुंततात, वालधुनी नदीतून येणारे पाणी नाकाशी रुमाल धरायला लावते आणि चढ-उतार करायला अनेक ठिकाणी चिखलच आहे.

2016 च्या कायद्याने उल्हास नदी आणि वसई खाडीसह कल्याण-ठाणे-मुंबई हा 53 क्रमांकाचा राष्ट्रीय जलमार्ग ठरला. त्यावर प्रवासी बोटी धावतील तेव्हा धावोत. त्याआधी करण्याजोगे पुष्कळ आहे. ओहोटीलाही पाय न रुततील असा उतार बांधावा, होडी दुरुस्तीसाठी काठावर हक्काची जागा राखावी, सांडपाणी शुद्ध करूनच खाडीत सोडावे. जलमार्ग आखताना ज्यांना इथली प्रत्येक उथळ जागा ठाऊक आहे, त्यांना चर्चेला बोलवावे. लहान नौकांना लागते ते एवढेच.

दुर्गाडीवर आज सलामी दिली जाईल आणि ती दिलीच पाहिजे. नंतर मुलांचा हात धरून पायऱ्या उतरून खाली घाटापर्यंत यावे. तिथे डांबर लागलेल्या हातांनी कुणी काका होडीची गाठ तपासत असतील. 8.12 ची लोकल कुठे पोहोचली हे आपल्या मुलांना माहीत असते. त्यांनी आज त्या काकांना एवढेच विचारावे: "काका, आज भरती किती वाजता?"