धनुष्य पाड्यापर्यंत पोहोचावे

जिजाऊंच्या जन्माने पावन झालेल्या सिंदखेडराजाचा बुलढाणा जिल्हा मे २०२३ मध्ये एका वेगळ्याच पराक्रमाने गाजला. शांघाय येथील विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत, कंपाउंड प्रकाराच्या अंतिम फेरीत, बुलढाण्याच्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या प्रथमेश जावकरने नेदरलँड्सच्या माइक श्लोएसर या जगातील अग्रगण्य धनुर्धराला १४९-१४८ असे नमविले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघातही तो होता. त्यापूर्वी २०१९ मध्ये बुलढाणा पोलीस दलातील मोनाली जाधव यांनी चीनमधील जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीचे सुवर्ण मिळविले होते.

या यशामागे खेळाडूंची साधना, घरच्यांचा त्याग आणि स्थानिक प्रशिक्षकांची तपश्चर्या आहे. पण असे खेळाडू योगायोगाने घडावेत की व्यवस्थेतून, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर क्रीडा संघटनांनी द्यायचे आहे.

खेळ तळागाळात नेण्याचा एक चांगला मार्ग तिरंदाजीत उपलब्ध आहे. बांबूच्या वा लाकडी धनुष्याने खेळला जाणारा 'इंडियन राउंड' हा प्रकार राष्ट्रीय स्पर्धांत समाविष्ट असल्यामुळे अल्प खर्चात मुले या खेळाकडे वळू शकतात. मात्र आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हा प्रकार नाही. पुढे जायचे तर रिकर्व्ह वा कंपाउंड धनुष्य हवे, आणि त्याची किंमत लाखांच्या घरात जाते. अनेक गुणी मुलांची वाट नेमकी येथेच संपते.

संघटनांचे लक्ष मात्र अनेकदा अन्यत्र असते. अंतर्गत गटबाजीपायी ऑगस्ट २०१९ मध्ये जागतिक संघटनेने भारतीय तिरंदाजी संघाला निलंबित केले आणि त्या वर्षीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत आपल्या खेळाडूंना तिरंग्याविना उतरावे लागले. पदाधिकाऱ्यांच्या भांडणाची शिक्षा खेळाडूंनी भोगली. असे तंटे मिटविण्यासाठी क्रीडा लवादाची तरतूद करणारा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, हे स्वागतार्हच आहे. पण कायदा शिस्त लावू शकतो. सेवाभाव संघटनांनाच अंगी बाणवावा लागतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत तिरंदाजीची व्यावसायिक लीग झाली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश होत आहे. शिखर असे उजळत असताना पायथा अंधारात राहता कामा नये. प्रत्येक जिल्ह्यात धनुष्ये उसनी देणारी साहित्यपेढी, शाळांतील क्रीडा शिक्षकांना प्रशिक्षण आणि तालुका पातळीवर नियमित, पारदर्शक निवड चाचण्या एवढे तरी संघटनांनी हाती घ्यावे. जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांत सातपुड्याच्या कुशीतील वनवासी पाड्यांवर धनुष्य परके नाही. वनवासी कल्याण आश्रमाच्या क्रीडा महोत्सवांनी हे गुण वर्षानुवर्षे जोपासले आहेत. संघटनांनी तेथवर जाण्याची तसदी घ्यावी.

एकलव्याची कथा सांगताना समाज आजही हळहळतो. आजच्या एकलव्याचा अंगठा कोणी मागत नाही. त्याच्या हाती धनुष्यच पडत नाही. ते त्याच्या हाती देणे हे उपकार नव्हे, कर्तव्य आहे.