जुनं फायबर म्हणजे भंगार नव्हे

जुन्या फायबरग्लासच्या शिडाच्या बोटीवर तीन आक्षेप घेतले जातात. फायबरचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं, पुढे ती बोट मोडीत काढावी, हा पहिला. जुनी बोट जड आणि मंद, तेव्हा शर्यतीत तिचा उपयोग नाही, हा दुसरा. तिसरा खास आपल्या किनाऱ्याचा: बोट असावी तर सागवानाची, फायबर हे बाहेरून आलेलं खूळ. वसई-विरारमधल्या बोळिंजकरांना हा तिसरा आक्षेप पटकन पटेल. शेजारची आगाशी सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. १५३० आणि १५३१ मध्ये पोर्तुगीजांनी तिच्यावर लागोपाठ हल्ले केले. त्या परंपरेचा अभिमान रास्त आहे. पण तिन्ही आक्षेप पुराव्यापुढे उभे राहत नाहीत.

पहिला आक्षेप 'तृष्णा'ने खोडून काढला. पृथ्वीप्रदक्षिणेसाठी भारतीय लष्कराच्या इंजिनिअर दलाने नवी बोट बांधली नाही. फिनलंडमध्ये १९७० साली तयार झालेली ३७ फुटी 'स्वान' त्यांनी घेतली; तीच ही 'तृष्णा'. २८ सप्टेंबर १९८५ रोजी ती इंग्लंडहून निघाली आणि १० जानेवारी १९८७ रोजी मुंबईला पोहोचली. भारतीयांची शिडावरची ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा, आणि निघताना बोट पंधरा वर्षांची होती.

पंधरा वर्षं म्हणजे काही फार नाहीत, असं कुणी म्हणेल. त्याने 'गोल्डन ग्लोब' शर्यतीचे नियम वाचावेत. या शर्यतीत १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्या, ३२ ते ३६ फुटी, लांब कीलच्या बोटींनाच प्रवेश असतो. म्हणजे तळाचा जड कणा लांबवर पसरलेला आणि सुकाणू त्याच्याच मागच्या कडेला जोडलेलं. ४ सप्टेंबर २०२२ रोजी सोळा जण एकट्याने निघाले; कुठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी करणारे तिघेच. कर्स्टन नॉयशेफर पहिली आली, भारताचा अभिलाष टॉमी दुसरा. टॉमीची 'बायानत' ही 'रस्टलर ३६' जातीची, म्हणजे १९८० च्या सुमाराच्या आराखड्याची फायबर बोट. दक्षिण महासागर पार करत समुद्रावर सात महिन्यांहून जास्त काळ तग धरणाऱ्या रचनेला कालबाह्य कसं म्हणायचं?

यामागचं कारण बांधणीत आहे. साठच्या दशकात फायबर नवं होतं. त्याच्या ताकदीचा पुरता भरवसा नसल्याने कारखानदारांनी थरावर थर चढवून कवच जाड केलं. १९७३ च्या तेलसंकटाने फायबरला लागणारं रेझिन महागलं, तेव्हा हात आखडला. म्हणून जुन्यांतही दशकादशकात फरक आहे आणि 'जितकी जुनी तितकी कमकुवत' हे सूत्रच चुकीचं आहे.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. फायबर कुजत नाही, पण पाणी पितं. कवचात झिरपलेलं पाणी रसायनांशी मिसळून फोड आणतं. यालाच ऑस्मोसिस म्हणतात. मात्र फोड आले म्हणजे बोट बुडाली असं नाही. ते खरवडून, कवच वाळवून, इपॉक्सीचे थर देऊन दुरुस्त होतात. आपल्याकडे अडचण वाळवण्याची: जूनमध्ये वर ओढलेली बोट पावसाळ्यात वाळत नाही, कारण हवाच ओली असते. हे काम ऑक्टोबरनंतरचं. खरा धोका असतो डेकमध्ये. दोन पातळ थरांमधलं बाल्सा लाकूड स्क्रूच्या भोकांतून भिजतं आणि आतल्या आत सडतं. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, की किंमत निम्मी करूनच बोलणी करावीत. डोलकाठीचे पोलादी दोर आणि इंजिन यांचा खर्च वेगळा धरावा. तिथे वयाचा आक्षेप पूर्णपणे लागू होतो.

आता वेग. ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या आणि वादळाने पंधरा स्पर्धकांचा बळी घेतला. सर्वांत लहान गटातून शर्यत पुरी करणारी एकमेव बोट 'असेंट' ही 'कॉन्टेसा ३२' जातीची होती: अरुंद, खोल, वजनदार. खवळलेल्या समुद्रात हे वजनच तिच्या कामी आलं. बंदरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी मात्र हलकी बोट हवी, आणि तिथेही उत्तर जुनंच आहे. १९७७ ची 'जे/२४' पाच हजारांहून अधिक संख्येने बनली. सगळ्या सारख्या असल्याने बोटीच्या पैशापेक्षा खलाशाचं कसब जिंकतं.

सागवानाच्या कैवाऱ्यांना उत्तर गोव्याने दिलं आहे. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात लाकडाच्या गाभ्यावर फायबर चढवून 'म्हादेई' बांधली गेली. तिच्यावर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमीने २०१२-१३ मध्ये न थांबता. ही आपल्याच हातांची कारागिरी आहे. आगाशीचा वारसा तिच्यात पुढे सरकला, तुटला नाही.

तेव्हा जुन्या बोटींची तुलना वयावरून नव्हे, कामावरून करावी. लांब सफरीला 'रस्टलर'सारखी लांब कीलची बोट घ्यावी. ती दिशा धरून चालते, पाणी-शिधा भरपूर वाहते, पण बंदरात वळायला आळशी. शर्यतीला 'जे/२४', तिच्यात धड बसताही येत नाही, राहणं दूरच. बोटीवर घर करायचं तर 'कॉन्टेसा'चं अरुंद पोट वर्षभर अडचणीचं ठरेल आणि आपल्या उन्हात फायबरची खोली तापेल. रुंद पोट, उंच छत आणि वारा खेळवणाऱ्या खिडक्या तिथे वेगापेक्षा मोलाच्या.

वसई-विरारच्या माणसासाठी याहून मोठा प्रश्न चिखलाचा आहे. इथे उधाणाची भरती-ओहोटी चार मीटरपलीकडे जाते आणि ओहोटीला खाड्यांचे काठ उघडे पडतात. खोल एकाच कीलची बोट तिथे कलंडते. इंग्लंडच्या चिखलखाड्यांनी यावर १९६९ मध्येच उपाय काढला: २६ फुटी 'वेस्टर्ली सेंटॉर', दोन कीलवर सरळ उभी राहणारी. अशा दोन हजारांहून अधिक बोटी बनल्या. वाऱ्याविरुद्ध ती थोडी मागे पडते, पण वैतरणेच्या मुखाशी तीच मालकाला रात्री निवांत झोपू देईल. म्हणून बोळिंजच्या ग्राहकाने जाहिरातीतलं बांधणीचं साल पाहण्याआधी ओहोटीला आपली नांगरायची जागा पाहून यावी, मग कील ठरवावी, आणि त्यानंतरच हातोडी घेऊन डेकवर चढावं.