सावलीतला पेव



“खोलीमागे दोन हात जागा आहे, पण ऊन लागत नाही. मोगरा गेला, झेंडू गेला. काय लावू?” असे एका भगिनीने विचारले आहे. ताई, पेव लावा.

पेव फुटले म्हणतो ते धान्याचे; हा रानातला. कोकणात आणि सह्याद्रीच्या जंगलात, ओढ्याकाठी झाडांच्या सावलीत तो पावसाळ्यात आपोआप उगवतो. पुरुषभर उंच होतो. दांडा पिळदार, पाने गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी. शेंड्याला लालसर कणीस येते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यातून चुरगळल्या कागदासारखी पांढरी फुले निघतात.

मेअखेरीस डोळा असलेला कंदाचा तुकडा दोन-तीन इंच खोल, आडवा लावावा. तेलाचा पंधरा किलोचा डबा चालतो, पण बुडाला भोके पाडा. मातीत कुजका पालापाचोळा भरपूर घाला. अगदी अंधार मात्र नको, सकाळचा उजेड हवाच.

एवढे सारे मीही केले होते. कंद आईने गावाहून आणला होता. दोन वर्षे फुलला. तिसऱ्या वर्षी आई गेली. त्या हिवाळ्यात पाने पिवळी पडून दांडे वाळले, तसा मी घाबरलो आणि रोज तांब्याभर पाणी घालू लागलो. मार्चमध्ये उकरून पाहिले तर कंद कुजून लगदा झालेला. तो मेला नव्हता हो, झोपला होता! दरवर्षी झोपतो. आधीची दोन वर्षे आईच पाणी तोडत असे, हे मला ठाऊकच नव्हते. कार्यालयात हिशेब चोख ठेवणारा मी, एवढेही तिला विचारले नाही.

तेव्हा दांडे वाळले की बुडाशी कापा, पाणी बंद करा आणि खूण म्हणून काठी रोवा. नाहीतर रिकामा डबा समजून घरातले कोणीतरी तो ओततेच. पहिल्या पावसाबरोबर कोंब येतो.

कंद औषधी आहे. त्यातल्या डायोसजेनिनपासून स्टेरॉइड औषधे बनवता येतात. म्हणून तो घरी उगाळून कोणाला देऊ नका, गरोदर बाईला तर मुळीच नाही. आणि राष्ट्रीय उद्यानात सहलीला गेल्यावर तिथला उपटू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे मागा. पेव पसरतो, त्यामुळे देणारा नाही म्हणत नाही.

मलाही पुन्हा मिळाला तो अक्काच्या परसातून. आईने तिलाही दिला होता. आता डबा गच्च भरला आहे. ताई, मेमध्ये एक तुकडा तुमच्यासाठी काढून ठेवतो.