नाकापेक्षा मोती जड

८ मार्च १९७०. कॅलिफोर्नियातील लाँग बीचजवळची लायन्स ड्रॅग स्ट्रिप. डॉन गार्लिट्स हा त्या काळातला सर्वांत नावाजलेला ड्रॅग शर्यतपटू आपल्या लांबलचक गाडीत बसून सुटण्याच्या इशाऱ्याची वाट पाहत होता. गाडी सुटली आणि त्याच क्षणी त्याच्या पायांजवळचा गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले. गार्लिट्सच्या उजव्या पावलाचा काही भाग तिथेच गेला. तो गिअरबॉक्स दुकानातून आणलेला नव्हता. गार्लिट्स स्वतःच तो विकसित करत होता आणि तो अजून प्रयोगाच्या अवस्थेत होता.

इंजिनाची ताकद वाढवण्याची हौस असणाऱ्या प्रत्येकाने ही घटना आधी वाचावी आणि मग खरेदीची यादी करावी. जुन्या गाडीच्या बॉनेटखाली मूळ इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट ताकदीचे इंजिन बसवणे ही अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर रुजलेली हौस आहे. तिथल्या हौशी माणसापुढे आज दोन वाटा असतात. एक म्हणजे ‘क्रेट इंजिन’, म्हणजे कारखान्यात पूर्ण जोडून लाकडी खोक्यात घालून पाठवलेले तयार इंजिन. दुसरी वाट म्हणजे चांगला कारागीर गाठून, ब्लॉक, क्रँकशाफ्ट, पिस्टन, कॅमशाफ्ट असा एकेक भाग निवडून हवे तसे इंजिन बांधून घेणे. एक तयार कपडा, दुसरा मापाने शिवलेला. चर्चा बहुधा एवढ्यावरच होते की कोणत्या वाटेने कमी पैशात जास्त अश्वशक्ती मिळेल. वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर हा प्रश्नच अपुरा आहे. ताकद हा औषधाचा डोस मानला, तर विचारायला हवे ते असे की या डोसाबद्दल खात्रीने काय माहीत आहे आणि तो घेणारे शरीर कोणते आहे.

डोस किती मोठा आहे ते आधी पाहू. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. आपल्याकडची नेहमीची लहान मोटार ८०-९० अश्वशक्तीची असते. शेव्हरोलेने २०२१ मध्ये जाहीर केलेले ‘झेडझेड६३२’ हे क्रेट इंजिन १००४ अश्वशक्तीचे आहे. त्याची क्षमता ६३२ घन इंच, म्हणजे १० लिटरहून अधिक. त्याला टर्बो नाही, सुपरचार्जर नाही आणि ते अमेरिकेतल्या साध्या पंपावरच्या ९३ ऑक्टेन पेट्रोलवर चालते. मोपारने २०१८ मध्ये दाखवलेले ‘हेलेफंट’ हे सात लिटरचे सुपरचार्जर असलेले इंजिन १००० अश्वशक्तीचे. पुढच्या वर्षी ते २९,९९५ डॉलरला विक्रीला आले आणि त्याची पहिली खेप काही दिवसांतच संपली. म्हणजे अकरा-बारा लहान मोटारींची ताकद आज खोक्यात भरून घरपोच मिळू शकते. पूर्वी हा आकडा गाठायला वर्षानुवर्षांचा अनुभव लागायचा. आता पैसे पुरतात, आणि धोक्याची सुरुवातही इथेच होते.

तयार इंजिनाची खरी किंमत त्याच्या आकड्यात नसून त्या आकड्यामागच्या पुराव्यात आहे. ‘झेडझेड६३२’ची चाचणी घेताना कंपनीने ते डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, बसवून ड्रॅग शर्यतीच्या २०० धावांइतका ताण त्याच्यावर दिला. एकाच आराखड्याची अनेक इंजिने बाहेर पडतात, तेव्हा त्यांतली कोणती जागा आधी कमकुवत होते हे कंपनीला कळत जाते. औषधाच्या भाषेत सांगायचे तर यामागे मोठ्या गटाचा अनुभव असतो. बांधून घेतलेले इंजिन मात्र एकुलते एक असते. ‘आमच्या ओळखीच्या एकाचे दहा वर्षे उत्तम चालले’ हा पुरावा ‘आमच्या काकांना त्या काढ्याने गुण आला’ याच जातीचा. तो खोटा असतो असे नाही, पण त्यावर दुसऱ्याचा जीव टांगता येत नाही.

इंजिन बांधणे हे काम किती नाजूक आहे याची कल्पना बाहेरून येत नाही. क्रँकशाफ्ट आणि त्याच्या बेअरिंगमध्ये तेलासाठी ठेवायची फट बहुधा मिलिमीटरच्या पाच ते सात शतांशांइतकी, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढी असते. ती कमी पडली तर बेअरिंग जळते, जास्त झाली तर तेलाचा दाब पडतो. पिस्टनच्या रिंगच्या दोन टोकांमध्येही फट ठेवावी लागते. टर्बो किंवा सुपरचार्जरमुळे उष्णता वाढते, रिंग प्रसरण पावते आणि फट अपुरी असेल तर टोके एकमेकांना भिडून पिस्टनची कडाच तुटते. मिश्रण वेळेआधी किंवा चुकीच्या पद्धतीने भडकले तर इंजिन ‘ठोकते’ आणि तसेच रेटले तर पिस्टनला भोक पडते. रस्त्यावरच्या ८० अश्वशक्तीच्या गाडीत अशी चूक झाली तर गाडी बंद पडते आणि खर्च येतो. हजार अश्वशक्तीच्या गाडीत ताशी २०० किलोमीटरला कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, तर गरम तेल मागच्या चाकांखाली जाते, गाडी घसरते आणि आगही लागू शकते. तिथे गॅरेजमधली चूक थेट अपघात विभागात पोहोचते.

मग बांधून घेतलेले इंजिन नकोच का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या बाजूनेही मजबूत मुद्दे आहेत. तयार इंजिनाचा छापील आकडा त्या नमुन्याचा असतो. खोक्यातून आलेले नेमके इंजिन किती ताकद देते हे मोजल्याशिवाय कळत नाही. उलट चांगला कारागीर बांधलेले इंजिन स्वतः डायनोवर चालवून त्याच इंजिनाचा कागद हातात देतो. शर्यतीच्या काही वर्गांत इंजिनाच्या क्षमतेवर किंवा भागांवर बंधने असतात. तिथे तयार इंजिन बसतच नाही. सर्वांत वरच्या टॉप फ्युएल वर्गातील १०,००० अश्वशक्तीच्या पुढची इंजिने तर प्रत्येक धावेनंतर उघडून पुन्हा बांधावी लागतात. तयार इंजिनाची वॉरंटीही फसवी ठरू शकते. इंजिनात फेरफार केला किंवा ते शर्यतीत वापरले तर बहुधा ती उरत नाही. शेव्हरोलेच्या सहा लिटरच्या वर्गातले ‘एलएस३’ हे ४३० अश्वशक्तीचे क्रेट इंजिन फार लोकप्रिय आहे. पण त्याचे पिस्टन ओतीव आहेत, घडीव नाहीत. मूळ ताकदीला ते उत्तम टिकतात. त्यावर मागाहून मोठा टर्बो चढवायचा असेल, तर पहिल्यापासून घडीव पिस्टन आणि रॉड घालून बांधलेले इंजिनच योग्य. तयार इंजिन आणून त्यावर हौशीने भर घालत जाणे म्हणजे वैद्याने दिलेली गोळी घेऊन वर स्वतःच्या मनाने डोस वाढवण्यासारखे आहे. दोन्ही वाटांचे धोके त्यात एकत्र येतात.

शरीराचा आणखी एक हिशेब या निवडीत दडलेला असतो, तो म्हणजे इंधनाचा. जास्तीत जास्त ताकदीसाठी बांधलेल्या इंजिनात दाबाचे प्रमाण वाढवले की पंपावरचे पेट्रोल पुरत नाही. मग शर्यतीचे उच्च ऑक्टेनचे इंधन लागते आणि त्यातल्या काही प्रकारांत आजही शिसे असते. अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ पासून बंद झाले, पण शर्यतींना सूट राहिली. नॅसकारने आपल्या मुख्य मालिकांतून शिसे काढले ते २००८ च्या हंगामापर्यंत. त्यानंतर जिथे या शर्यती होत त्या भागातल्या मुलांच्या रक्तातील शिसे घटल्याचे अभ्यासकांना आढळले. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. घराच्या गॅरेजमध्ये असे इंधन हाताळणारा बाप ते कपड्यांवरून आणि हातांवरून घरात नेऊ शकतो. पंपावरच्या पेट्रोलवर चालणारे इंजिन निवडले की हा धोका मुळातच टळतो.

कार्बन मोनॉक्साइडचेही तसेच. जुन्या पद्धतीच्या कॅमशाफ्टचे नवे इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर ते सुमारे २० मिनिटे मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर सलग चालवावे लागते. घरी बांधलेले इंजिन हिवाळ्यात बंद गॅरेजमध्ये असे चालवणे जिवावर बेतू शकते. एक्झॉस्टला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसेल तर धोका आणखी मोठा. या वायूला वास नाही, रंग नाही आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते. माणसाला वाटते दिवसभराच्या कामाचा थकवा आहे. तो क्षणभर बसतो आणि मग उठत नाही.

पण सर्वांत मोठा हिशेब वेगाचा. १६०० किलोच्या गाडीत ताशी १०० किलोमीटर वेगाला जेवढी गतिज ऊर्जा असते, त्याच्या चौपट ऊर्जा ताशी २०० ला असते. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने पहिली गाडी साधारण ५० मीटरमध्ये थांबते. दुसरीला सुमारे २०० मीटर लागतात. शिवाय चालकाने ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच्या एका सेकंदात ती ५६ मीटर पुढे गेलेली असते. अमेरिकेत १९६६ मध्ये स्थापन झालेल्या रस्ते सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन हे डॉक्टर होते. अपघातातली इजा ही शरीराला न सोसणाऱ्या ऊर्जेमुळे होते, म्हणून अपघातापूर्वी, अपघाताच्या क्षणी आणि नंतर ती ऊर्जा कशी अडवायची याचा विचार करा, हे त्यांचे सांगणे. साठच्या दशकातल्या बहुतेक अमेरिकी गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत आणि पट्टा असलाच तर कमरेपुरता. अशा गाडीत हजार अश्वशक्ती बसवणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. इंजिन तयार आणले की बांधून घेतले, याने तिथे काही फरक पडत नाही.

ड्रॅग शर्यतींची अमेरिकी संघटना एनएचआरए हे अनुभवाने शिकली आहे. पाव मैलाचे, म्हणजे ४०२ मीटरचे अंतर ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीला साधारणपणे रोल बार लागतो. दहा सेकंदांच्या आत आली की पूर्ण पिंजरा आणि चालकाला परवाना. अलीकडच्या कारखानानिर्मित गाड्यांना त्यात काही सवलती आहेत. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतील एंगलिशटाउन येथे स्कॉट कॅलिटा या शर्यतपटूच्या गाडीचे इंजिन धावेच्या शेवटी फुटले, गाडी थांबली नाही आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर सर्वांत वेगवान वर्गांसाठी शर्यतीचे अंतरच १००० फुटांवर, म्हणजे ३०५ मीटरवर आणण्यात आले, जेणेकरून थांबायला जागा उरावी. इतकी ताकद बांधून जगणाऱ्यांनाही शेवटी थांबण्याच्या जागेचा विचार आधी करावा लागला.

म्हणून निवडीचा क्रम उलटा करायला हवा. हातात असलेल्या पैशातून आधी ब्रेक, टायर, सांगाडा, पट्टे, इंधनाच्या नळ्या आणि अग्निशामक यांचा खर्च काढावा. उरलेल्या रकमेत बसणारे इंजिन आणि तेवढीच ताकद. ज्याला गाडी मुख्यतः रस्त्यावर चालवायची आहे, त्याने पंपावरच्या पेट्रोलवर चालणारे तयार इंजिन घ्यावे आणि त्यात फेरफार करू नये. बांधून घेण्याची वाट त्याच्यासाठी, जो ठरावीक वर्गात, नियमांच्या देखरेखीखाली, बंद ट्रॅकवर धावणार आहे. त्यानेही कारागिराला शल्यविशारदाला विचारतात तेच विचारावे: अशी किती केलीत, त्यांतली किती बिघडली आणि का? जो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘एकही नाही’ असे देतो, त्याच्याकडून उठून यावे.

भारतात या प्रश्नाला कायद्यानेच लगाम घातला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधिक स्पष्ट केले. तरीही दुचाकीचा बोअर वाढवून घेणारे, मोटारीच्या संगणकात फेरफार करून ताकद चढवणारे इथेही आहेत. ब्रेक आणि टायर मात्र मूळचेच राहतात. अमेरिकेतल्या हौशी माणसाकडे निदान ट्रॅक असतो. इथे तो प्रयोग महामार्गावर, बैलगाडी आणि शाळेच्या बसच्या शेजारी होतो.

गार्लिट्स बरा झाला. दवाखान्यातल्या त्या दिवसांत त्याने इंजिन कमी ताकदीचे करण्याचा विचार केला नाही. ते कुठे असावे याचा केला. १९७१ मध्ये त्याने आणलेल्या गाडीत इंजिन चालकाच्या पाठीमागे होते. फुटणाऱ्या वस्तू आता त्याच्या पायांत नव्हत्या. काही वर्षांत त्या वर्गातल्या सगळ्यांनी तीच रचना उचलली आणि आजही ती तशीच आहे. खोक्यातले की बांधलेले, हा प्रश्न विचारण्याआधी चालकाचे पाय, मान आणि डोके कुठे असणार हे कागदावर काढून पाहावे. बदलता न येणारा भाग तेवढाच आहे.