शेत एकरात, भरपाई हेक्टरात

अतिवृष्टीची मदत जाहीर होते ती हेक्टरी. २०२२ साली ठरलेल्या केंद्राच्या निकषांत जिरायतीसाठी ती हेक्टरी ८,५०० रुपये होती. मुखेड किंवा औसा तालुक्यातल्या शेतकऱ्याचे रान मात्र दोन एकर दहा गुंठे असते. हातात किती पडणार हे काढायचे तर आधी गुंठ्यांचे आर, आरांचे हेक्टर आणि मग गुणाकार. त्या दराने उत्तर येते ७,७४० रुपयांच्या आसपास. बहुतेक जण हा खटाटोप करत नाहीत; तलाठी किंवा सेवा केंद्रातला मुलगा सांगेल तो आकडा खरा धरतात. आपल्याच जमिनीचा हिशेब दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागणे ही साधी गैरसोय नाही, तो अन्याय आहे. देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारून साठ वर्षे उलटली. मराठवाडा ज्या दोन गोष्टींवर जगतो त्या जमीन आणि पाण्याच्या बाबतीतच ती अर्धवट राहिली आहे.

बाजारात हे काम कधीच पुरे झाले. तेथे पूर्वी काय होते ते आठवून पाहावे. निजामाच्या राज्यात मराठवाड्यात हाली शिक्का चालायचा. सात हाली रुपये म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातले सहा कलदार. रुपयाचे आणे सोळा, शेर ८० तोळ्यांचा, मण ४० शेरांचा, आणि हे झाले सरकारी पक्के माप. गावात धान्य मोजले जायचे पायलीने, अधोलीने, मापट्या-चिपट्याने. माप आकारमानाचे, त्यामुळे पायलीभर ज्वारी आणि पायलीभर तूर यांचे वजन वेगळे. शीग लावायची की माप सपाट करायचे, हे समोरच्याच्या हातात. स्वातंत्र्यानंतर देशभर पाहणी झाली तेव्हा मणाचे शंभरावर प्रकार सापडले. सर्वांत लहान मण २८० तोळ्यांचा, सर्वांत मोठा ८,३२० तोळ्यांचा. या गोंधळात नाडला जायचा तो माल विकणारा.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने आला आणि १९६२ पर्यंत व्यापारात सक्तीचा झाला. अक्षरओळख नसलेल्या लाखो लोकांनी काही वर्षांत शेर सोडला. आज लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा भाव क्विंटलने पुकारला जातो आणि हमीभावाशी तुलना तिथल्या तिथे होते. सर्वसामान्य माणसाला नवे माप झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा बाजार बघावा.

जमिनीपाशी मात्र गाडी अडली. सातबारावर हेक्टर-आर, बोलण्यात एकर-गुंठा. परभणीचे कृषी विद्यापीठ सोयाबीनचे बियाणे सांगते हेक्टरी ७५ किलो. पेरणारा विचारतो, एकराला किती? अनेक गावांत तर बियाण्याची बॅग हेच माप झाले आहे. रान किती, तर तीन बॅगांचे. उतारा किती, तर बॅगला आठ क्विंटल. ही बॅग पूर्वी ३० किलोची असायची, आता कमी वजनाच्याही येतात. म्हणजे जी पायली आपण हद्दपार केली, तिचाच हा प्लॅस्टिकच्या पोत्यातला नवा अवतार.

गुंठा लोकांच्या तोंडून जाणार नाही, हा आक्षेप खरा आहे. जायची गरजही नाही. नांदेडच्या सराफ्यात तोळा म्हणतात आणि तोलतात दहा ग्रॅम, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा असूनही. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर आणि थोडे वर, आर म्हणजे नेमके १००. जिभेवर गुंठा राहू द्यावा. पण कागदावरचा हिशेब आरांतच हवा, कारण हा फरक जमिनीत साचतो. पाच एकर म्हणजे २ हेक्टर २ आर. एकराला ४० आर असा ढोबळ हिशेब केला की दोन आरांहून जास्त जमीन कागदावरच गळते. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या भावकीत एवढे पुरे आहे.

अर्धवट बदल हा न बदलण्याइतकाच धोक्याचा असतो. कॅनडा मेट्रिककडे वळत असताना, जुलै १९८३ मध्ये, एअर कॅनडाच्या एका विमानात २२,३०० किलो इंधन हवे होते. लिटरवरून वजन काढताना पौंडांचा गुणक वापरला गेला आणि निम्म्याहून कमी इंधन घेऊन ते उडाले. हवेतच दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांच्या कौशल्यामुळे गिमली येथील जुन्या धावपट्टीवर ते उतरले आणि सगळे वाचले.

आपल्याकडे हीच सरमिसळ पाण्यात आहे. धरणातला साठा दलघमीत म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये, सोडलेले पाणी क्युसेकमध्ये म्हणजे सेकंदाला घनफुटांत, जायकवाडीच्या पाण्याचा वाद टीएमसीत म्हणजे अब्ज घनफुटांत. नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ८१ दलघमी. वरून एक लाख क्युसेक येत आहे, असे ऐकून नांदेडकराला काय कळणार? तेच सेकंदाला २,८३२ घनमीटर असे सांगितले, तर ३,६०० ने गुणून तासाला दहा दलघमी निघते, आणि रिकामा जलाशयही आठ तासांत भरेल हे शाळकरी मुलगा सांगेल. केंद्रीय जल आयोग पुराच्या अंदाजात घनमीटरच वापरतो.

पाऊस, शेत आणि पाणी एकाच पद्धतीत आले की हिशेब किती सोपा होतो, हे लातूरकराला वेगळे पटवून द्यायला नको. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हेक्टरला दहा हजार लिटर. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पहिली जलदूत रेल्वे लातूरला आली तेव्हा तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. अतिवृष्टीसाठी ठरलेला ६५ मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडतो तेव्हा त्या शेतावर साडेसहा लाख लिटर पडलेले असतात. शेततळे किती मोठे घ्यावे, किती पाणी अडवता येईल, हे यातून थेट काढता येते. इंच आणि एकर घेऊन हे तोंडी करून पाहावे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. जलसंपदा विभागाने येत्या पावसाळ्यापासून विसर्ग घनमीटरमध्ये द्यावा, हवे तर काही वर्षे क्युसेक शेजारी ठेवावा. मदतीच्या गावनिहाय यादीत प्रत्येक नावापुढे आर, दर आणि रक्कम हे तिन्ही आकडे छापून ती चावडीवर लावावी. बियाण्याच्या बॅगेवर ती किती आरांना पुरते, हे मोठ्या अक्षरांत लिहावे. आणि वर्तमानपत्रांनीही पुराच्या बातमीत क्युसेकचा नुसता आकडा छापणे थांबवावे. नदीकाठच्या वस्तीला त्या आकड्यापेक्षा हाताशी किती तास उरले आहेत, हे आधी हवे असते.