पाठलाग करणारा कोठे गेला? मराठी विज्ञानकथेच्या समीक्षेतील एक सोयीस्कर मौन

मराठी विज्ञानकथेची चर्चा जेव्हा जेव्हा होते, तेव्हा एक समाधान हमखास व्यक्त केले जाते. पाश्चात्त्य विज्ञानसाहित्यातील ‘स्पेस ऑपेरा’ हा भडक प्रकार, म्हणजे आकाशगंगाभर चालणारी युद्धे, तारकासाम्राज्ये आणि फरारी झालेल्या मूठभर माणसांच्या मागे हात धुऊन लागलेला एखादा क्रूर सत्ताधीश, मराठीत रुजला नाही, याविषयीचे हे समाधान असते. हा अभाव प्रौढ अभिरुचीचे लक्षण मानला जातो. एका पक्षाचे म्हणणे असे की, खलपुरुषाच्या पाठलागात विज्ञान नसते, म्हणून ती विज्ञानकथा नव्हे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, हा रूपबंध परका आहे, म्हणून तो मराठी नव्हे. दोन्ही युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतात. प्रत्यक्षात दोन्ही तपासाला उतरत नाहीत, आणि त्यांनी मराठी कथनाचे जे नुकसान केले आहे त्याचा हिशेब अद्याप कोणी मांडलेला नाही.

‘स्पेस ऑपेरा’ ही संज्ञा मुळात शिवी म्हणून जन्मली. विल्सन टकर या अमेरिकन लेखकाने १९४१ मध्ये रेडिओवरील ‘सोप ऑपेरा’च्या धर्तीवर ती घडवली, ती पाट्या टाकलेल्या अंतराळकथांची टर उडवण्यासाठी. पुढील अर्धशतकात त्याच प्रकारात गंभीर लेखन झाले आणि शिवीची संज्ञा बनली. मराठी समीक्षेने मात्र शब्द उचलला तो त्याच्या १९४१ च्या अर्थासह, आणि पुढचा इतिहास वाचण्याची तसदी घेतली नाही. ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट १९७७ मध्ये आला, तेव्हा तर या पूर्वग्रहाला पडद्यावरचा पुरावाच मिळाला. काळ्या मुखवट्याचा डार्थ व्हेडर फरारींचा माग काढीत जातो, यापलीकडे त्यात पाहण्यासारखे काही नाही असे ठरून गेले.

हा पूर्वग्रह कसा पोसला गेला, हे समजण्यासाठी मराठी विज्ञानकथेची संस्थात्मक पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेमुळे या प्रकाराला प्रतिष्ठा लाभली. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने याच स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पारितोषिकास पात्र ठरली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. या उगमामुळे विज्ञानकथेकडे लोकशिक्षणाचे साधन म्हणून पाहिले गेले. तिचे मूल्य ठरवण्याचा निकषही त्यातूनच आला : कथेतील विज्ञान अचूक आहे काय? हा निकष प्रयोगशाळेच्या अहवालाला शोभतो. कथनाच्या परीक्षणाला तो पुरेसा नाही.

या निकषाचा एक दूरगामी परिणाम झाला. अचूक विज्ञानाला संकट हवे असते, शत्रू नको असतो. नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू वैज्ञानिक उपायांनी टाळला जातो, आणि दुसरीकडे अरिष्ट टळावे म्हणून यज्ञ मांडला जातो. कथेतील उपरोध मार्मिक आहे. पण धूमकेतूला हेतू नसतो. त्याच्यापासून पळता येत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही आणि त्याला जाबही विचारता येत नाही. स्वतः नारळीकरांना या मर्यादेची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. ‘वामन परत न आला’ (१९८६) या कादंबरीत त्यांनी महत्त्वाकांक्षी यंत्रमानवाला पुराणातील वामनाचे नाव दिले, म्हणजे यंत्राला हेतू दिला. त्या दिशेने वाट काढण्याऐवजी समीक्षेने त्यांच्यातला शास्त्रज्ञ तेवढा गौरवला. परिणामी ज्या साहित्यात विज्ञान वापरणाऱ्या सत्तेला चेहराच नाही, असे साहित्य आदर्श ठरले.

खलपुरुष अर्थातच नाहीसा झाला नाही. तो वाचनव्यवहाराच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला गेला. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांत तो होता, नारायण धारपांच्या भयकथांत तो होता. फिरत्या वाचनालयांतून, एस.टी. स्थानकांवरील पुस्तकांच्या गाड्यांवरून तो लाखो वाचकांपर्यंत पोचला. प्रतिष्ठित समीक्षेने या वाचकाला कधी वाचक मानले नाही. म्हणून ‘मराठी अभिरुचीला पाठलाग रुचत नाही’ या विधानातील ‘मराठी अभिरुची’ म्हणजे नेमकी कोणाची, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

आता परकेपणाच्या आक्षेपाकडे वळू. हा आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा तुळजापूरच्या स्थानकथेकडे पाहावे. कर्दम ऋषींच्या निधनानंतर त्यांची पत्नी अनुभूती लहान मूल मागे असल्याने सहगमन करीत नाही. ती यमुनाचल डोंगरावर, मंदाकिनीच्या तीरी तपाला बसते. कुकुर नावाचा दैत्य तिच्यावर डोळा ठेवून तेथवर पोचतो आणि तिचा तपोभंग करू पाहतो. ती देवीचा धावा करते. देवी त्वरेने येते, म्हणून ती ‘त्वरिता’. त्वरितेची तुरजा आणि तुरजेची तुळजा झाली, असे परंपरा सांगते. दैत्य महिषाचे रूप घेतो, तरी वाचत नाही. मंदिरातील मूर्तीत महिषासुराबरोबर तपस्विनी अनुभूतीही आहे. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी अशा स्थानकथांचे थर उलगडण्याची पद्धत मराठीला दिली, पण त्यांच्या कथनरूपाकडे कथात्म साहित्याच्या समीक्षेने फारसे पाहिले नाही.

पाहिले असते तर लक्षात आले असते की, येथे तीन पदांची एक रचना आहे : आश्रय घेतलेली एकाकी व्यक्ती, त्या आश्रयापर्यंत पोचणारा पाठलाग, आणि अंतर कापून येणारे साहाय्य. देवीचे नावच मुळी वेगावरून पडले आहे. अंतर आणि वेग यांवर उभे असलेले कथन ही अमेरिकन मासिकांची निर्मिती आहे, असे म्हणणाऱ्याने गोंधळ्याचे संबळ कधी ऐकलेले नसावे.

या रचनेशेजारी इयन एम. बँक्स या स्कॉटिश कादंबरीकाराची ‘कन्सिडर फ्लीबस’ (१९८७) ठेवून पाहावी. दोन तारकासंस्कृतींच्या युद्धात ‘कल्चर’ या पक्षाचे ‘माइंड’ नावाचे बुद्धियंत्र निसटते आणि एका निषिद्ध ग्रहावर आश्रय घेते. त्या ग्रहावर एका श्रेष्ठ, अनाकलनीय सत्तेचा पहारा आहे. विरुद्ध पक्षाचे इडिरन हे यंत्र पकडण्यासाठी होर्झा या रूपपालटू हेराला पाठवतात. कुकुराप्रमाणे तोही रूप बदलतो. बँक्सचे धाडस असे की, कादंबरी बहुतांशी या शिकाऱ्याच्या खांद्यावरून सांगितली आहे. लेखकाची सहानुभूती ज्या पक्षाकडे आहे त्याचा हा शत्रू. तरी वाचक त्याच्याबरोबर धापा टाकतो, त्याच्या निष्ठेची कारणे त्याला पटू लागतात, आणि त्या निष्ठेची किंमत इतर कोणकोण मोजत आहे हेही हळूहळू उमगत जाते. पहारा देणारी श्रेष्ठ सत्ता मात्र कोणाच्या हाकेला त्वरेने येत नाही. स्थानकथेतले तिसरे पद कादंबरीने रिकामे ठेवले आहे, आणि तेथेच तिचा आधुनिक अर्थ उगवतो.

हा सारा खटाटोप परदेशी कादंबरीच्या कौतुकासाठी नाही. ज्या भूमीत कुकुराची कथा सांगितली जाते, त्याच भूमीने पाठलाग इतिहासातही पाहिला आहे. १५ ऑगस्ट १९४७ नंतर तेरा महिने तुळजापूरचा परिसर निजामाच्या राज्यातच होता. सोलापूर अवघ्या सुमारे ४५ किलोमीटरांवर, पण ते सीमेपलीकडे. रझाकारांच्या भयाने माणसे गावे सोडून सोलापूर-बार्शीकडे निघाली. सीमेवर स्टेट काँग्रेसची केंद्रे उभी राहिली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज याच सोलापूर मार्गाने शिरली आणि तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग पहिल्याच दिवशी हाती आला. साहाय्य आले, त्वरेने आले असे मात्र म्हणता येणार नाही.

कथा तेथे संपत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत पाठलाग उलट दिशेने सुरू झाला. मुस्लिम वस्त्यांवर जे ओढवले त्याची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत त्याने उस्मानाबादची गणना केली आहे. कालचा फरारी आज शिकारी झाला होता. अनंत भालेराव यांच्यासारख्यांनी मुक्तिसंग्रामाचा इतिहास लिहिला आणि आठवणीही पुष्कळ लिहिल्या गेल्या. परंतु शिकाऱ्याच्या अंतरंगात शिरून, त्याच्या निष्ठेचे तर्कशास्त्र आतून मांडून, वाचकाला अस्वस्थ करणारी मराठी कादंबरी अपवादानेच आढळते. तिला लागणारा रूपबंध आपण ‘भडक’ म्हणून हद्दपार केला होता, हे त्यामागचे एकमेव कारण नसेल, पण ते एक कारण निश्चित आहे.

यावर असा प्रतिवाद होईल की, खलपुरुषाचा पाठलाग नीतीला काळ्या-पांढऱ्या रंगांत बसवतो. बहुसंख्य स्पेस ऑपेरांबाबत हे खरेच आहे. तेथे खलपुरुष थकत नाही, त्याला भूतकाळ नसतो, आणि त्याच्या मरणाने सारे प्रश्न सुटतात. पण हा दोष वाईट कादंबऱ्यांचा आहे, रूपबंधाचा नव्हे. तुळजापूरची परंपरा येथेही अधिक सूक्ष्म आहे. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाल्यावर देवी कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा घेते. ज्या कथेत वध करणारीलाही वधाचा शीण येतो, ती कथा हिंसेला फुकटची मानत नाही. अंतराळातील किती विजेत्यांना असा शीण आला आहे?

शत्रूच्या नावाची गोष्टही विचारात घेण्यासारखी आहे. बँक्सच्या कादंबरीच्या अखेरीस ते बुद्धियंत्र आपल्या मृत शिकाऱ्याचेच नाव धारण करते. तुळजापूरची देवीही महिषासुरमर्दिनी आहे. ज्याला मारले त्याच्या नावाशिवाय तिचे नाव पुरे होत नाही. जिल्ह्याच्या नावातून निजामाचे नाव २०२३ मध्ये वगळले गेले आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. शासनाला नाव बदलता येते. कादंबरीला मात्र शत्रूला नावानिशी आणि चेहऱ्यासह समोर बसवावेच लागते, कारण तो कोण होता हे कळल्याखेरीज आपण त्याच्यानंतर काय झालो हे तिला सांगता येत नाही.

आज माणसाचा माग उपग्रहांवरून आणि खिशातील यंत्रावरून काढता येतो. पाठलागाला अंतराचा अडसर उरलेला नाही, आणि तो करणाऱ्याला चेहरा दाखवण्याची गरजही उरलेली नाही. अशा काळात विज्ञानकथेने धूमकेतूंचीच वाट पाहत बसावे, हा आग्रह विज्ञाननिष्ठेचा नाही, तो जबाबदारी टाळण्याचा आहे. समीक्षेने विज्ञानकथेला विज्ञान अचूक आहे काय हे जरूर विचारावे. त्याआधी तिने विचारावे की, या विज्ञानाच्या बळावर कोण कोणाच्या मागे लागले आहे, आणि कथा कोणाच्या डोळ्यांनी पाहते आहे.